उतार सपाट दिसू नये म्हणून : दोघांनी मिळून एमटीबीचा व्हिडिओ कसा करावा

ब्रेकवरची बोटं आखडेपर्यंत ज्या उताराने घाम काढला, तोच उतार घरी स्क्रीनवर बागेतल्या रस्त्यासारखा दिसतो. एमटीबीच्या, म्हणजे डोंगरवाटांवरच्या सायकलच्या, पहिल्या व्हिडिओची ही ठरलेली तक्रार. कारण साधं आहे. दर चार मीटरला एक मीटर उतरणारी वाट, म्हणजे २५ टक्क्यांचा उतार, चौकटीत जेमतेम १४ अंशांची तिरकी रेघ असते. त्यात ॲक्शन कॅमेऱ्याची रुंद लेन्स समोरचं सगळं लांब ढकलते आणि स्टॅबिलायझेशन हादरे पुसून टाकतं. उरतं ते हँडल आणि खालून निवांत सरकणारी माती.

महागडा कॅमेरा घेऊन यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वाटेच्या कडेला दुसरा माणूस बसला की. छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण ताटातल्या लोणच्याएवढं असावं. तीन मिनिटांच्या व्हिडिओत ते ४०-५० सेकंदांच्या पुढे गेलं की बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो. बाकीचं सगळं जमिनीवरून घ्यायचं, आणि तिथेच मेहनत आहे, कारण प्रत्येक शॉटनंतर सायकल ढकलत पुन्हा वर न्यावी लागते.

खालचं सगळं पुण्याच्या टेकड्या आणि सिंहगड-भुलेश्वर रांगेतल्या सोंडा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे : काळ्या कातळावर पसरलेला सुटा मुरूम, गुडघाभर वाळलेलं गवत, ग्लिरिसिडियाची झाडी आणि मधूनमधून आडवे येणारे समतल चर. कोकणातल्या जांभ्यावर प्रकाश आणि रंग वेगळे वागतात, रीत तीच.

वाट आधी पायी बघा

पाच किलोमीटरची ट्रेल शूट करायला जाऊ नका. एक ते दीड किलोमीटरचा तुकडा पुरतो. सायकल न घेता दोघांनी तो एकदा चालत उतरावा आणि पाच-सहा जागा ठरवाव्यात : एक घट्ट वळण, एक खडकांचा पट्टा, एक सरळ वेगाचा भाग, एखादा चर किंवा छोटी उडी, आणि मागे दरी किंवा शहर दिसेल अशी एक मोकळी जागा. एका सकाळी किंवा संध्याकाळी यापेक्षा जास्त जागा होत नाहीत. झाल्या तर त्या घाईत उरकलेल्या असतात आणि ते एडिटला कळतं.

प्रत्येक जागी दोनच प्रश्न विचारायचे. ऊन कुठून येतंय? चालवणारा घसरला तर कुठे जाईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कॅमेरेवाल्याने जिथे बसायचं नाही ती जागा.

टेकड्यांवर पहाटेपासून साधारण आठपर्यंत फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. रविवारी तर विचारूच नका. आडवारी सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी चारनंतर जावं. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सव्वाचार ते पावणेसहा हा दीड तास सोन्यासारखा. पण पूर्वेकडचा उतार सूर्यास्ताच्या बराच आधी सावलीत जातो. संध्याकाळी पश्चिमेची सोंड, सकाळी पूर्वेची, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. फाटकावर वनखात्याची पाटी असेल तर ती वाचा. काही वाटांवर सायकलला मनाई असते आणि ती वेळेनुसारही बदलते.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. जमीन घट्ट, गवत पिवळं, हवा स्वच्छ. पावसाळ्यात चित्र सुंदर येतं, पण ओल्या वाटेवर त्याच वळणाला दहा वेळा सायकल घातली की पन्हळ पडते आणि पुढच्या पावसात तिचा ओढा होतो. कासच्या पठारासारख्या सड्यांवर तर टायर घालूच नये. कातळावरची बोटभर माती आणि तिच्यातली फुलं एका चाकोरीत संपतात. एप्रिल-मे महिन्यांत उलट्या उन्हात उडणारी धूळ झकास दिसते, मात्र मुरूम इतका सुटा असतो की पकड कधी सुटेल सांगता येत नाही.

सामान

एक ॲक्शन कॅमेरा, छातीचा पट्टा, एक बरा फोन, वीतभर उंचीचा ट्रायपॉड आणि लेन्स पुसायला मऊ फडकं. फोनला दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर उत्तम, ती उताराच्या शॉटला लागते. फोन हँडलवर लावू नका. सततच्या थरथरीने लेन्स स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा बिघडू शकते.

कार्ड व्ही३० शिक्क्याचं घ्या, ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रण केलं तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर सव्वा तास. टेक सुरू होताना चालू आणि संपताच बंद, अशी सवय ठेवली तर तेवढं भरपूर झालं. कॅमेरा उगाच चालू ठेवला की दुसरीही अडचण येते. सायकलवर वारा लागतो म्हणून ॲक्शन कॅमेरा थंड राहतो, ट्रायपॉडवर उन्हात ठेवला की तापून बंद पडतो.

ड्रोनबद्दल थोडक्यात : आसपास लोहगावचं विमानतळ आणि खडकवासल्याची एनडीए आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा क्षेत्रांचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीतून बाहेर काढू नये. खरं तर या व्हिडिओला त्याची गरजही नाही, कारण वरून बघितलेला उतार सगळ्यात सपाट दिसतो.

सेटिंग : दोन्ही कॅमेरे एका सुरात

फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम टिपायच्या (एफपीएस), आधी ठरवा. दोन्ही कॅमेऱ्यांत ५० एफपीएस मिळत असेल तर सगळं ५०वर चित्रित करा आणि एडिटची टाइमलाइन २५ची ठेवा. हवा तो शॉट बरोबर निम्म्या वेगाने चालवता येतो, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे चहाच्या टपरीतले दिवे लुकलुकत नाहीत. बऱ्याच फोनांत ५० मिळतच नाही, फक्त ३० आणि ६० असतं. मग दोन्ही कॅमेरे ६०वर आणि टाइमलाइन ३०ची. एक ५०वर आणि दुसरा ६०वर ठेवला की एकाच्या शॉटमध्ये बारीक अडखळ येते, आणि ती एडिटमध्ये धड निघत नाही.

शटरचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो त्याचा, मामला जरा समजून घेण्यासारखा आहे. ५० एफपीएसला १/१०० शटर ठेवलं की हालचाल डोळ्यांना पटेल इतकी पुसट होते, हा नेहमीचा नियम. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ २.८ लेन्स असलेला ॲक्शन कॅमेरा स्वतःहून १/३२००च्या आसपास जातो. तिथून १/१००वर आणायला एनडी३२ फिल्टर, म्हणजे प्रकाश ३२ पट कमी करणारी काच, लागतो. म्हणून लोक एनडी३२ आणतात, छातीवरच्या कॅमेऱ्याला लावतात, आणि घरी येऊन बघतात तर प्रत्येक हादऱ्याला चित्र फासटलेलं. कारण असं : स्टॅबिलायझेशन चौकट स्थिर करतं, पण त्या क्षणी चित्रात मुरलेला हादरा त्याला काढता येत नाही. स्थिर चौकट आणि आत पुसट चित्र, हे मेंदूला अजिबात पटत नाही. अंगावरच्या कॅमेऱ्याला फार तर एनडी८ लावा, शटर १/४००च्या जवळ येतं आणि चित्र स्वच्छ राहतं. झाडीतली वाट असेल तर तोही काढा, नाहीतर आयएसओ वर चढून सावल्यांत दाणे पडतात. १/१०० ते १/२०० हे शटर जमिनीवरच्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवा. सायकलबरोबर कॅमेरा फिरवला की मागची झाडी पट्ट्यांसारखी ओढली जाते आणि वेग तिथूनच दिसतो.

बाकीचं पटकन : व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून दोन्हीकडे ५५००वर ठेवा, म्हणजे एकच गवत एका शॉटमध्ये पिवळं आणि दुसऱ्यात निळसर होणार नाही. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) अर्धा स्टॉप खाली, कारण पांढरं पडलेलं आकाश परत येत नाही. आयएसओची कमाल मर्यादा ४००, दाट झाडीत ८००. फोनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, आणि ते वाटेवर करा. आकाशावर केलं तर चालवणाऱ्याची नुसती सावली मिळते. स्टॅबिलायझेशन सगळ्यात खालच्या पायरीवर. हादरे थोडे राहू द्यावेत, खडकाळ वाट खडकाळ दिसायला तेच उपयोगी पडतात.

छातीवरचा कॅमेरा

हा बहुतेक वेळा सरळ उभं राहून लावला जातो आणि तिथेच चुकतं. उतारावर माणूस पुढे झुकलेला असतो, कोपरं बाहेर, कंबर मागे. सरळ उभं असताना समोर बघणारा कॅमेरा त्या स्थितीत पुढचं टायर आणि हँडलचा मधला भाग एवढंच टिपतो.

लावायचा तो असा. जोडीदाराने पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून सायकल उभी करावी. चालवणाऱ्याने हेल्मेट, पाठपिशवी सगळं घालून दोन्ही पेडल समपातळीत ठेवून उभं राहावं आणि उतरताना घेतो तशी बैठक घ्यावी. मग जोडीदाराने स्क्रीनकडे बघत कॅमेरा वर उचलावा, चौकटीच्या खालच्या कडेला दोन्ही मुठी आणि ब्रेकवरची बोटं दिसतील आणि क्षितिज वरच्या एक तृतीयांशावर येईल इतका. आता चालवणारा सरळ उभा राहिला की कॅमेरा आकाशाकडे बघताना दिसेल. बरोबर आहे, तसाच राहू द्या. झुकल्यावर कॅमेरा हँडलला आपटत असेल तर उलटा टांगा, चित्र सुलटं करणं कॅमेऱ्यावर सोडा.

पट्टा श्वास सोडून आवळावा. ढिल्या पट्ट्यावर कॅमेरा अंगापेक्षा वेगळ्या तालात हलतो आणि ती थरथर कुठल्याही स्टॅबिलायझेशनला नीट काढता येत नाही. पट्टा पाठपिशवीच्या खांदापट्ट्यांखाली घ्या, आणि पाण्याची नळी बाजूला खोचा, नाहीतर तिची टकटक सगळ्या आवाजात शिरते.

हेल्मेटवर लावला तर नजर जाईल तिकडे कॅमेरा जातो आणि बघणाऱ्याला गरगरतं. शिवाय सायकल दिसत नाही. बिजागरीच्या, एकदम उलट फिरणाऱ्या वळणांवर नजर पुढच्या वळणाकडे असते तिथे हेल्मेट बरं, एरवी छातीच. हेल्मेटला भोक पाडून कॅमेरा बसवण्याची अक्कल मात्र कुणी चालवू नये.

जमिनीवरचा कॅमेरा : अंतराचं गणित

वेग दिसतो की नाही हे सायकलच्या वेगापेक्षा कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरतं. फोनची मुख्य लेन्स व्हिडिओत आडवी साधारण ६० अंश बघते. वाटेपासून चार मीटरवर बसलात तर चौकटीत वाटेचा सुमारे साडेचार मीटरचा तुकडा मावतो. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते, म्हणजे ती पाऊण सेकंदात चौकटीतून पार. तीच सायकल पंधरा मीटरवरून टिपली तर चौकटीत १७ मीटर वाट येते आणि ती पार व्हायला तीन सेकंद लागतात. पहिल्यात बघणारा दचकतो, दुसऱ्यात जांभई देतो.

म्हणून वेगाच्या शॉटला जवळ जा, आणि खाली जा. कॅमेरा पोटरीच्या उंचीवर. कॅमेरा आणि वाट यांच्यामध्ये गवताची दोन-चार पाती किंवा एखादा दगड येऊ द्या. जवळची वस्तू सर्रकन जाते आणि तिच्यामुळे लांबच्या सायकललाही वेग चढतो. कॅमेरा फिरवायचा असेल तर पाय सायकल जिथे संपणार त्या दिशेला रोवा आणि कमरेतून मागे वळून सुरुवात करा. उलटं केलं तर ऐन शेवटी कंबर अडते आणि सायकल चौकटीतून निसटते.

उतार दाखवायचे दोन मार्ग. पहिला बाजूने : कॅमेरा वाटेला काटकोनात, क्षितिज सपाट, आणि चौकटीत एखादं सरळ उभं खोड किंवा विजेचा खांब. उभी रेघ शेजारी असली की तिरकी वाट तिरकी दिसते. फोनच्या कॅमेऱ्यातल्या आडव्या-उभ्या रेघा चालू करा आणि खांब त्यांच्याशी जुळवा. उतार वाढवण्यासाठी कॅमेरा मुद्दाम कलता धरू नका. झाडं कलतात आणि चोरी लगेच पकडली जाते. दुसरा खालून : २५-३० मीटर खाली जाऊन तिप्पट झूमने वर बघा. झूमने अंतरं दबतात, वाटेची वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात आणि साधी सोंडही भिंत वाटते. या शॉटला ट्रायपॉड हवाच, हातात तिप्पट झूम थरथरतो. वरून खाली बघणारा शॉट देखावा दाखवायला ठीक, पण त्यात उताराची अपेक्षा ठेवू नका.

आता बाजू. पूर्ण व्हिडिओत सायकल शक्यतो एकाच दिशेने जाऊ द्या, समजा डावीकडून उजवीकडे. एका शॉटमध्ये वाटेच्या या बाजूला आणि पुढच्यात त्या बाजूला बसलात की सायकल उलटी फिरल्यासारखी वाटते. बाजू बदलणं भागच असेल तर मध्ये सरळ कॅमेऱ्याकडे येणारा एक शॉट टाका, मग कुणाला खटकत नाही.

एक वळण, चार फेऱ्या

प्रत्येक जागेला एक खूण ठरवा. वळणाच्या आत एखादा फिकट दगड ठेवा, पुढचं चाक त्याच्या बाजूने जाईल असा. चारही फेऱ्यांत चाक त्याच रेषेतून गेलं पाहिजे, कारण कट त्या दगडावर करायचे आहेत. चालवणाऱ्याने खुणेच्या १० मीटर आधी वेग पकडलेला असावा आणि खुणेनंतर १० मीटर तो सोडू नये. "झालं ना?" म्हणत वळणाच्या तोंडाशीच ब्रेक दाबला की ती फेरी वाया.

फेऱ्या अशा : लांबून स्थिर, सगळं वळण दिसेल असा. जमिनीलगत चार मीटरवरून. समोरून, वळणातून बाहेर येताना. आणि शेवटी फक्त मागच्या टायरचा, मुरूम उडताना. छातीवरचा कॅमेरा यातल्या एकाच फेरीत चालू ठेवा. चालवणारा चौकटीत दिसतो त्या सगळ्या फेऱ्यांत तो अंगावर मात्र असू द्या, नाहीतर एका शॉटमध्ये कॅमेरा आहे आणि दुसऱ्यात गायब. पाण्याची बाटली, चढवलेल्या बाह्या, पँटवरचा चिखल, सगळ्याचं तसंच.

हाकांचा क्रम पक्का हवा. कॅमेरेवाला आधी रेकॉर्डिंग चालू करतो, पाच सेकंद जाऊ देतो, मगच ओरडतो.

"रेडी?"
"रेडी!"
"थांब, आजोबा येतायत... गेले. ये!"

"ये" ऐकल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आवाज पोचत नसेल तर एक हात वर म्हणजे ये, दोन्ही हातांची फुली म्हणजे थांब. कॅमेरेवाल्याची नजर स्क्रीनवर असते, म्हणून वाट मोकळी आहे हे "ये" म्हणण्याआधी मान वर करून बघायचं. सायकल चौकटीतून गेल्यावरही तीन सेकंद रेकॉर्डिंग सुरू ठेवा. एडिटच्या वेळी ही आधीची आणि नंतरची रिकामी सेकंदंच उपयोगी पडतात.

बसायचं कुठे? वळणाच्या बाहेरच्या बाजूने चित्र सुरेख येतं, पण मुरमावर पकड सुटली की सायकल बाहेरच जाते. तिथे फक्त ट्रायपॉड ठेवा आणि स्वतः बाजूला व्हा. माणूस आतल्या बाजूला किंवा जाड खोडामागे. उडी उतरते त्या रेषेत कुणीही नाही, ट्रायपॉडही नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला चालवणारा थकलेला असतो आणि आधीची फेरी नीट झाल्याने धीटही असतो. पडणं होतं ते बहुधा तेव्हा. अवघड जागेला पाच फेऱ्यांची मर्यादा घाला, आणि भूमिकांची अदलाबदल जागा पूर्ण झाल्यावरच करा.

निघण्यापूर्वी सायकल कानाने तपासा. हातभर उचलून मागचं चाक जमिनीवर आपटा. साखळी, बाटलीचा कप्पा, खिशातल्या किल्ल्या, जे वाजेल ते रेकॉर्डिंगमध्ये दहापट वाजणार. मागच्या नळीवर जुनी ट्यूब गुंडाळली की साखळीचा खडखडाट पुष्कळ कमी होतो. मोजे उंच घाला. कुसळी पायात शिरली की शूटिंग थांबतं.

आवाज वेगळा घ्या

छातीवरच्या कॅमेऱ्यात वाऱ्याची घरघर आणि धापा, एवढंच नीट येतं. त्यामुळे शूट संपल्यावर वीस मिनिटं फक्त आवाजासाठी ठेवा. फोन जमिनीवर, वाटेपासून फूटभर अंतरावर, माइकवर स्पंजचा तुकडा किंवा मोज्याचं एक पदर. मग त्याच वळणातून तीन वेळा सायकल न्या. वेगळ्या फाइलमध्ये मागच्या चाकातल्या फ्रीहबची टरटर, ब्रेकची किरकिर, पेडलमध्ये बूट अडकतानाचा खट्ट आवाज आणि दोन मिनिटं नुसती टेकडी : वारा, पक्षी, लांबची रहदारी. ही शेवटची फाइल सगळ्या शॉट्सखाली अंथरली की कट ऐकू येत नाहीत.

एडिट

घरी आल्यावर आधी सगळं दोन ठिकाणी कॉपी करा. कार्ड त्यानंतरच पुसा, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. फोल्डर तारखेने न करता जागेने करा : १-वळण, २-खडक, ३-चर. आत दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइल एकत्र.

संगणकावर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे, फोनवर व्हीएन हे ॲप. रिझॉल्व्हमध्ये पहिली फाइल आत घेण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेमरेट २५ किंवा ३० असा ठरवा, नंतर तो बदलू देत नाही. ४केच्या फाइल अडखळत असतील तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, करून घ्या. फोनच्या फाइलमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जात असतील तर फोनने फ्रेमरेट कमीजास्त ठेवला आहे असं समजा. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून ती फाइल एकदा काढून घेतली की प्रश्न मिटतो.

चाळणी निर्दयपणे लावा. ४० मिनिटांच्या चित्रणातून अडीच-तीन मिनिटं. एकाच वळणाचे दोन चांगले शॉट असतील तर एक जातो. कुणाच्या मेहनतीचा होता हे बघायचं नाही.

आता एक वळण जोडून बघू. एकूण नऊ सेकंद.

० ते २ : लांबचा स्थिर शॉट. चौकट क्षणभर रिकामी, मग सायकल डावीकडून शिरते.
२ ते ३.२ : जमिनीलगतचा. सायकल सर्रकन पार. कट नेमका पुढचं चाक खुणेच्या दगडाशी येतं त्या फ्रेमवर.
३.२ ते ५.७ : छातीवरचा. दोन बोटं ब्रेकवर, हँडल वळतंय.
५.७ ते ७.३ : मागचं टायर, निम्म्या वेगाने. प्रत्यक्षात हा शॉट फक्त ०.८ सेकंदांचा आहे.
७.३ ते ९ : समोरून, वळणातून बाहेर. सायकल कॅमेऱ्याच्या शेजारून जाते आणि धुळीवर कट.

स्लो मोशन या नऊ सेकंदांत एकदाच आहे. प्रत्येक शॉट संथ केला की सायकल पाण्यात चालल्यासारखी वाटते, आणि जमिनीवर बसून कमावलेला वेग हातचा जातो. एखादा शॉट लंगडा वाटला तर त्याला इफेक्ट लावण्याआधी दोन्ही टोकांनी पाच-पाच फ्रेम कापून बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

आवाज चित्राच्या सहा ते दहा फ्रेम आधी सुरू करा. पुढच्या शॉटमधला मुरमाचा करकराट आधी ऐकू आला की कट मऊ होतो. छातीवरच्या आवाजातला १०० ते १५० हर्ट्झखालचा भाग कापा, वाऱ्याची बरीच घरघर जाते. संगीत शेवटी. आधी फक्त वाटेच्या आवाजावर व्हिडिओ उभा राहतो का बघा, राहत नसेल तर गाणं त्याला नुसतं झाकेल. चित्रपटातलं गाणं टाकलं तर यूट्यूबवर हक्काचा दावा लागतो, म्हणून यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून घ्या. टायरचा आवाज येतो तिथे संगीत खाली आणा, अवघड जागी पूर्ण थांबवा. शेवटी आवाजाची एकूण पातळी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) जवळ ठेवा. यूट्यूब मोठा आवाज खाली ओढतं, बारीक आवाज वर उचलत नाही.

रंगांत आधी दोन कॅमेरे जुळवा, मग सौंदर्य. पावसाळ्यातला हिरवा कॅमेऱ्यात प्लॅस्टिकसारखा येतो, फक्त हिरव्याचं सॅच्युरेशन खाली आणा. सगळ्याचं आणलं तर चेहरे फिके पडतात.

बाहेर काढताना

गवत, खडी आणि हादरे ही कॉम्प्रेशनची जन्माची वैरी. प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलतं, त्यामुळे कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी डेटा दिला की, चित्राचे चौकोन पडतात. यूट्यूबसाठी १०८०पी २५ किंवा ३० एफपीएसला ८ एमबीपीएस हा त्यांचा सल्ला आहे, पण अशा चित्राला १५-२० द्या. ४के असेल तर ४५. १०८०पीची टाइमलाइनही १४४०पी करून चढवली तर यूट्यूब तिला बरा कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत) देतं आणि गवत कमी फासटतं.

रील काढायची असेल तर ४केच्या आडव्या चौकटीतून १२१५ बाय २१६० पिक्सेलचा उभा तुकडा मिळतो, गुणवत्ता पुरते. अडचण वेगळीच आहे : बाजूने दिसणारी सायकल पावणेदोन-दोन मीटर लांब, ती उभ्या चौकटीत मावत नाही. मागचं चाक तरी कापलं जातं किंवा पुढचं. रीलसाठी समोरून आणि खालून घेतलेले शॉट निवडा, आणि रील करायची हे आधीच ठरलं असेल तर प्रत्येक जागी एक फेरी फोन उभा धरून घ्या.

चढवण्याआधी फाइल फोनवर घेऊन, उन्हात, इअरफोन न लावता एकदा बघा. झाडीतले शॉट काळे पडलेले दिसले तर सावल्या थोड्या उचलून पुन्हा एक्स्पोर्ट करा. दिवे मालवून एडिट केलं की हे हमखास होतं.